पडका हमाम आणि भिंतीतल्या नळांचं कोडं

सांजवात
नमस्कार मंडळी. लेक सहा महिन्यांसाठी ग्रीसमधल्या योआनिनाच्या विद्यापीठात आहे. "आई ये, नाहीतर मी पाव आणि चीज खाऊन मरेन" असा फोन आला, म्हणून मेतकूट-भाजणी बांधून तीन आठवड्यांसाठी इथे आले. ती वर्गात गेली की मला दिवसभर उद्योग नाही. गावाला मोठं तळं आहे आणि तळ्याकाठी जुना किल्ला. तटाच्या आत अजून लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, मांजरं पहुडलेली असतात. सकाळचा फेरफटका तिथेच.

किल्ल्यात जुन्या तुर्की ग्रंथालयाच्या जवळ एक पडकी वास्तू आहे. उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) काळातला हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. घुमट आहेत, काही धड, काही नाहीत. वर गवत माजलंय. आत जाता येत नाही, बाहेरून डोकावून जेवढं दिसेल तेवढंच.

तीन शंका आहेत. एक, हौद कुठेय? इतका खटाटोप करून स्नानगृह बांधलं आणि डुंबायला हौद नाही? दोन, घुमटांना गोल गोल भोकं आहेत ती मुद्दाम ठेवलेली की पडझडीची? आणि तीन, गिलावा उडालाय तिथे भिंतीच्या पोटात भाजक्या मातीचे नळ दिसतात, मनगटाहून जाड. लेक म्हणते पाण्याचे. मी म्हणते पाणी असं उभं कशाला चढवतील? दोघींची पैज लागली आहे. हरणारीने रात्रीची भांडी घासायची.

आणि एक गंमत. चालू हमामात जाऊन कुणा परक्या बाईकडून अंग घासून घ्यायची मला तिळमात्र हौस नाही. पण ही पडकी जागा मात्र रोज बघावीशी वाटते.

टवाळ
हमाम म्हटलं की आम्हाला हिरवा साबण आठवतो. धागा उघडला तर घुमट निघाले. फसवणूक!

ऊनपाणी
मस्त विषय. बसलो बाकड्यावर. जाणकार येतीलच.

अंकारा_एक्सप्रेस
आलो. नऊ वर्षं तुर्कस्तानात काढलीत, हमामात जायची हौस मला भरपूर आहे, त्यामुळे धागाकर्तीशी पहिल्याच वाक्याला असहमत. :)

हौद नाही कारण तो नसतोच. साचलेल्या पाण्यात बसणं म्हणजे आपल्याच मळात बसणं, अशी तिथली धारणा. पाणी वाहतं हवं. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. कुर्ण्याला तळाशी भोक नसतं. वर गरम आणि गार पाण्याच्या तोट्या, पाणी भरून ओसंडतं, तुम्ही शेजारी ओट्यावर बसायचं आणि धातूच्या वाटीने अंगावर घ्यायचं. कुर्ण्यात हात बुडवलात तर शेजारचे म्हातारबा डोळे वटारतात. थोडक्यात, घंगाळ आणि तांब्या. आपल्या माणसाला नवीन काहीच नाही.

खोल्या तीन. आधी जामेकान, म्हणजे कपडे बदलायची, नंतर चहा घेत पडून राहायची मोठी थंड खोली, बऱ्याचदा मध्ये कारंजं. मग इलिक्लिक, म्हणजे कोमट. अंगाला एकदम चटका बसू नये म्हणून. आणि शेवटी सिजाक्लिक, म्हणजे गरम. तिच्या मधोमध संगमरवरी ओटा, ग्योबेक ताशी. ग्योबेक म्हणजे बेंबी. बेंबीचा दगड! त्यावर पालथं पडायचं आणि घाम येईपर्यंत वाट बघायची. कोपऱ्यात एकेकट्याने न्हायच्या खोल्या असतात, त्या हालवेत.

भोकं मुद्दामचीच. त्यांना फिल गोझु म्हणतात, हत्तीचा डोळा. फिल म्हणजे आपल्या पीलखान्यातला पील, तोच हत्ती. त्या भोकांवर जाड काचेचे फुगीर टोप बसवलेले असायचे. बाजूला खिडकी ठेवली तर ऊब जाते आणि गावाला तमाशा दिसतो, म्हणून उजेड वरून. दुपारी आत वाफेतून उजेडाचे दांडे उतरतात ते बघत पडलं की घड्याळ आठवत नाही.

नळांबद्दल मी गप्प. आतून अंघोळ करणाऱ्याला भिंतीत काय आहे ते दिसत नाही.

सांजवात
@अंकारा, काय सुरेख सांगितलंत. बेंबीचा दगड ऐकून लेक हसून लोळली. काच एकही उरलेली दिसली नाही, त्या भोकांतून आता पारवे ये-जा करतात.

मोडीवाला
पारव्यांवरून आठवलं. अरबीत हम्माम म्हणजे स्नानगृह आणि म वर जोर न देता हमाम म्हटलं तर कबुतर. ती कबुतरं बरोबर जागी राहायला आली आहेत.

टवाळ
आणि आमच्या संतांच्या अभंगातला हमामा?

मोडीवाला
तो पोरांचा गरगर फिरायचा खेळ हो. त्याला इथे ओढू नका. हमामखाना हा शब्द मात्र आपल्याकडे अस्सल घरचा झाला होता. पेशवाईतल्या वाड्यांच्या वर्णनात तो सहज भेटतो. पण त्यावरून शनिवारवाड्यात बेंबीचा दगड होता असं कुणी ठोकून देऊ नये. नाव आलं म्हणजे इमारत आली असं नसतं.

इंजिनरूम
सांजवातताई, भांडी लेकीला घासू द्या. (बहुधा.)

मी बोटीवर मुख्य अभियंता, सव्वीस वर्षं बॉयलरशी संसार. इस्तंबूलला बोट लागली असताना एका जुन्या हमामाच्या मालकाला गळ घालून मागच्या बाजूने आत शिरलो होतो. गिऱ्हाईक ज्या दाराने जातं तिथून नव्हे, जिथून लाकडं जातात तिथून. त्या भट्टीच्या खोलीला क्युल्हान म्हणतात.

यंत्र असं आहे. गरम खोलीच्या पाठीला भिंतीआड पाण्याची मोठी लांबट टाकी. टाकीच्या बुडाशी तांब्याची कढई बांधकामात पक्की बसवलेली आणि तिच्या खाली जाळ. म्हणजे पाणी तापलं. पण आपल्याकडे जाळाचा धूर धुराड्याने वर जातो आणि उरलेली सगळी उष्णता आकाशाला दान होते, तसं तिथे नाही. तो तापलेला धूर गरम खोलीच्या फरशीखाली सोडतात. फरशी जमिनीवर टेकलेलीच नसते. खाली बुटक्या खांबांच्या रांगा, त्यांवर दगडी तक्ते, त्यांवर संगमरवर. त्या पोकळीचं नाव जेहेन्नेमलिक. जहन्नम! वर स्वर्गसुखाचा ओटा आणि बरोबर खाली नरक, नाव ठेवणारा माणूस मिश्कील असणार. भट्टीच्या सगळ्यांत जवळ गरम खोली, मग कोमट, आणि कपड्यांच्या खोलीपर्यंत ऊब पोचतच नाही. खोल्यांचा क्रम धुराच्या उलट्या वाटेने लावलेला आहे.

आता धूर फरशीखाली कोंडून कसा चालेल? त्याला ओढ हवी, नाहीतर भट्टी विझेल. म्हणून भिंतींच्या पोटात उभ्या नळ्या, त्या छपरावर उघडतात. त्यांना त्युतेक्लिक म्हणतात. धूर जाता जाता भिंतही तापवून जातो. एकाच जाळावर पाणी, फरशी आणि भिंत. आमच्या बोटीवरही बाहेर जाणाऱ्या धुरातून उष्णता काढून घ्यायला वेगळा बॉयलर असतो. त्याचा शोध आपण लावला असं वाटणाऱ्यांनी एकदा त्या क्युल्हानमध्ये जाऊन यावं.

बंबवाली_आजी
इंजिनरूम, तुम्ही सांगताय ते वाचताना मला आमचं वेंगुर्ल्याचं घर दिसलं. न्हाणीत तांब्याचं मोठं भाण मातीच्या चुलीत कायमचं बसवलेलं, आणि चुलीचं तोंड भिंतीच्या पलीकडे, परसात. लाकडं बाहेरून घालायची, पाणी आत तापायचं. न्हाणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जायचा नाही. आई बाहेरून ओरडायची, "झाला काय गो, की आणखी घालू?" सोडणं, करवंट्या, माडाची सुकी चुडतं, काय वाटेल ते जाळायचं.

पुढे लग्न होऊन देशावर आले, तिथे बंब. मधल्या नळकांड्यात कोळसे आणि भोवती पाणी. तोही तुमच्या त्या युक्तीतलाच की, जाळ पोटात आणि पाणी भोवती.

इंजिनरूम
आजी, दंडवत. भाण म्हणजे हुबेहूब ती कढई. आणि बंब तर पाठ्यपुस्तकातला बॉयलर आहे, आम्हाला कॉलेजात तोच चित्र काढून शिकवायला हवा होता.

बर्लिनकर_बंड्या
सगळं छान, पण हे सगळं रोमन आहे. फरशीखालचे खांब, भिंतीतल्या पोकळ्या, गार-कोमट-गरम क्रम, सगळं रोमनांनी दीड हजार वर्षं आधी करून ठेवलं. उस्मानींनी घुमट बसवले आणि नाव दिलं. उगाच तुर्की तुर्की करू नये.

अंकारा_एक्सप्रेस
बंड्या, मूळ रोमन हे इथे कुणी नाकारलं? तुर्कही नाकारत नाहीत. पण वारसा थेट रोमहून पार्सलने आला नाही. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा आहे, आठव्या शतकातलं, उमय्या खलिफांच्या काळातलं. तिथे फरशीखालून तापवलेलं स्नानगृह आहे आणि छतावर चित्रं. मग अनातोलियात सेल्जुक, मग उस्मानी. दुसऱ्या बाजूने बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातले, लोक न्हातच होते. थेसालोनिकीच्या वरच्या वस्तीत एक बायझंटाइन स्नानगृह आहे, ते १९४० पर्यंत चालू होतं! राज्यं बदलली, भट्टी तीच.

आणि बदललं ते कमी नाही. रोमनांचा मोठा गार हौद गेला, कसरतीचं मैदान गेलं. गार खोलीचा मान कमी झाला, गरम खोली मुख्य झाली, मध्ये तो ओटा आला. रोमन तिथे पोहायचे, गप्पा मारायचे, व्यायाम करायचे. इथे मुख्य काम घाम काढणं आणि घासणं.

बर्लिनकर_बंड्या
बरं, अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी बिअर.

टवाळ
हमामाच्या धाग्यावर बिअर. जेहेन्नेमलिकमध्ये जागा राखून ठेवली आहे तुमची.

मोडीवाला
थोडा इतिहास, कारण धागाकर्तीने विशिष्ट वास्तू विचारली आहे आणि आपण सगळे भट्टीभोवती जमलोय.

योआनिना आणि थेसालोनिकी ही दोन्ही शहरं एकाच वर्षी, १४३० मध्ये, दुसऱ्या मुरादच्या काळात उस्मानींकडे गेली. थेसालोनिकी लढून पडलं, योआनिना मात्र अटी ठरवून शरण आलं, म्हणून तिथले ख्रिस्ती पुढे पिढ्यान् पिढ्या किल्ल्यातच राहत होते. थेसालोनिकीत चौदा वर्षांत, १४४४ मध्ये, मुरादचा मोठा हमाम उभा राहिला. तो बे हमाम आजही हमरस्त्यावर आहे. योआनिनाच्या किल्ल्यातला हमाम मात्र सतराव्या शतकातला. इतका उशीर का?

माझा अंदाज असा. १६११ मध्ये डायोनिसियोस नावाच्या बिशपने तिथे बंड केलं. ते फसलं, त्याला हालहाल करून मारलं आणि ख्रिस्ती रहिवाशांना किल्ल्यातून बाहेर काढलं. १६१८ मध्ये अस्लान पाशाने किल्ल्यात तळ्याच्या बाजूला उंचावर मशीद बांधली, ती आज संग्रहालय आहे. म्हणजे बंडानंतर किल्ल्याची वस्ती बदलली. नवी मुसलमान वस्ती आली की मशीद लागते, मदरसा लागतो, आणि हमाम लागतो. तारखा या क्रमाने लावल्या तर तो हमाम ही त्या बंडाची शेपटी दिसते. अंदाज आहे, कुणी पुराव्याने खोडला तर आनंदच.

सांजवात
बापरे. रोज मशिदीपाशी बसून मी तळं बघते आणि डबा खाते. हे डोक्यात नव्हतं.

हिशेबनीस
माझा प्रश्न रुक्ष आहे. चालवायला पैसा कुठून यायचा? दिवसरात्र लाकूड म्हणजे चेष्टा नाही.

मोडीवाला
उलट. हमाम पैसा खायचा नाही, द्यायचा. मशीद, शाळा, अन्नछत्र यांच्या खर्चासाठी वक्फ करताना त्यात दुकानं, सराया आणि हमाम जोडत. हमाम भाड्याने चालवायला द्यायचा आणि त्या भाड्यातून मशिदीचे दिवे, मौलवींचे पगार, गरिबांचं जेवण. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन लावून देत, तसं. एक बाजू पुरुषांना आणि दुसरी बायकांना असा जोड-हमाम बांधला तर दुप्पट गिऱ्हाईक आणि भट्टी-टाकी एकच. थेसालोनिकीचा बे हमाम असाच जोड आहे.

लाकडाचं तुम्ही म्हणता ते मात्र खरं. १७६८ मध्ये तिसऱ्या मुस्तफाने इस्तंबूलमध्ये नवे मोठे हमाम बांधायला बंदी घातली, कारण लाकूड आणि पाणी पुरेना.

इंजिनरूम
आणि भट्टी विझवणंही परवडत नाही. एवढं दगडी बांधकाम गार झालं की पुन्हा तापायला दिवस लागतात, आणि गार-गरम गार-गरम केलं की सांधे फुटतात. म्हणून रात्रीही निखारे. थंडीत अनाथ पोरं तिथे राखेजवळ झोपायला यायची. त्यांच्यावरून तुर्कीत गल्लीतल्या दादाला क्युल्हानबेयी म्हणतात, भट्टीचा सरदार!

टवाळ
आमच्या गल्लीत बरेच सरदार आहेत, भट्टी तेवढी वेगळी.

सुईदोरा
बायकांबद्दल कुणी बोलेल म्हणून थांबले होते. सगळे भट्टीत अडकलेत.

बायकांना घराबाहेर पडून चार तास निवांत बसायची ती एक हक्काची जागा होती. डबे घेऊन जायच्या, पोरं घेऊन जायच्या. लग्नाआधी नवरीचा हमाम व्हायचा, बाळंतिणीचा चाळिसाव्या दिवशी. आणि मुलाची आई सून शोधायला तिथेच जायची, कारण तिथे शालू-पदराआड काही लपत नाही! इंग्रज राजदूताची बायको मेरी माँटेग्यू १७१७ मध्ये सोफियाच्या हमामात गेली, तिने पत्रात लिहून ठेवलंय की हे म्हणजे बायकांचं कॉफीगृहच. त्यांनी तिला कपडे काढायचा आग्रह केला, तिने आतली घट्ट बांधलेली चोळी दाखवली, तर त्यांना वाटलं नवऱ्यानेच हिला या यंत्रात कुलूपबंद केलंय. तिकडे बुरख्यातल्या बायका, आणि कीव कुणाला कुणाची आली बघा.

पुढे फ्रेंच चित्रकार अँग्र याने तिचीच वर्णनं वाचून ब्याऐंशीव्या वर्षी हमामाचं चित्र रंगवलं. तो पूर्वेकडे एकदाही गेला नव्हता. चित्रात बायका नुसत्या लोळताहेत. एकीच्याही हातात घासणी नाही.

बंबवाली_आजी
चाळिसाव्या दिवशीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सव्वा महिना. शेक-शेगडी, वेखंड, आणि ते कढत पाणी. बाळंतिणीचं पाणी पाठीवर पडलं की सुईण म्हणायची, "हाडं जागेवर येतात."

सुईदोरा
आणि घासणीवरून, केसे म्हणजे खरबरीत पिशवी हातात घालून अंग घासतात. मी इस्तंबूलला घासून घेतलंय. अंगावरून शेवया निघतात. स्वतःला स्वच्छ समजणाऱ्या माणसाने जरूर अनुभव घ्यावा. दिवाळीला उटणं लावून वज्रीने टाचा घासायची माझी आई त्या बाईपुढे हळुवार वाटली.

अंकारा_एक्सप्रेस
शेवया! +१. पुरुषांकडे घासणारा तो तेल्लाक, बायकांकडे नातिर.

ऊनपाणी
माझ्या आयडीला जागतो. आपल्याकडे वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ इथे जमिनीतूनच ऊन पाणी येतं, तसं तुर्कांना सापडलं की ते काय करायचे? बुडापेस्टला रुदास नावाच्या स्नानगृहात गेलो होतो, ते उस्मानी, सोळाव्या शतकातलं, पण तिथे मधोमध अष्टकोनी हौद आहे आणि सगळे डुंबत असतात. मग हौद नसतो म्हणता ते कसं?

अंकारा_एक्सप्रेस
चांगला पकडलात. झऱ्याच्या जागेला तुर्कीत इलिजा किंवा काप्लिजा म्हणतात, हमाम नव्हे. तिथे पाणी अखंड आत येतं आणि बाहेर जातं, म्हणजे वाहतंच. म्हणून हौद चालतो. भट्टीही लागत नाही.

चुनेगच्ची
उशिरा आले, साइटवर होते. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, आणि इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, नळांची. इंजिनरूम अर्धे बरोबर आहेत. हमामाच्या भिंतीत दोन जातींचे खापरी नळ असतात आणि दोन्ही मातीचेच, म्हणून घोळ होतो. उभे असतील ते धुराचे. पण कुर्ण्यांच्या उंचीच्या जरा वर, भिंतीत आडवे, किंचित उतार देऊन टाकलेले असतात ते पाण्याचे, टाकीपासून कुर्ण्यापर्यंत, गरमाचा एक आणि गारचा एक. आपल्याकडे मलिक अंबरच्या औरंगाबादच्या नहरीचे खापरी नळ ज्यांनी पाहिलेत त्यांना ते ओळखीचे वाटतील, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या पोटात. सांध्यात चुना, तेल आणि कापूस एकत्र कुटून केलेला लगदा भरत. तुर्कीत त्याला लोक्युन म्हणतात.

तेव्हा पैजेचा निकाल नळ उभा की आडवा यावर. आणि खात्री करायची असेल तर आतून बघायचा. धुराच्या नळात काजळी, पाण्याच्या नळात क्षाराचं पांढरं कवच.

दुसरी गोष्ट. हमामाचा गिलावा साध्या चुन्याचा नसतो. त्यात भाजक्या विटांची भुकटी घालतात, रंग गुलाबी येतो, आणि ओलीत तो विरघळायच्या ऐवजी घट्ट होतो. तुर्क त्याला खोरासान म्हणतात, आपल्याकडे सुरखी. दोनशे वर्षं वाफ खाऊन टिकलेल्या अशा भिंतीवर "दुरुस्ती" म्हणून सिमेंट थापलेलं मी पाहिलंय, कुठे ते सांगत नाही, आपल्याच राज्यात. सिमेंटमागे पाणी अडकतं, क्षार फुलतात आणि चार पावसाळ्यांत आतला दगडच भुगा होतो.

म्हणून माझं मत, पडक्या हमामाला पडकंच राहू द्यावं. वरून पाणी गळणार नाही एवढं करावं, झाडांची मुळं काढावीत, बस.

अंकारा_एक्सप्रेस
@चुनेगच्ची, इथे माझं भांडण. इस्तंबूलचा हुर्रेम सुलतानचा, म्हणजे सुलतान सुलेमानच्या बेगमेचा, हमाम घ्या. उस्मानी वास्तुविशारद मिमार सिनानचं काम, १५५६ च्या सुमाराचं, आयासोफियाच्या समोर. १९१० मध्ये बंद पडला. मग कधी कैदी कोंडले, कधी कागद आणि इंधन साठवलं, पुढे गालिच्यांचं दुकान. २०११ मध्ये पुन्हा हमाम झाला. आज तिथे पुन्हा माणसं न्हातात. महाग आहे, मान्य. पण इमारत ज्या कामासाठी बांधली ते काम तिला परत मिळालं. झेयरेकचा चिनिली हमाम तर तेरा वर्षं खपून नीट केला, २०२३ मध्ये उघडला. तुमच्या हिशेबाने दोन्हीकडे गवत उगवायला हवं होतं.

चुनेगच्ची
तिथे शहर आहे, गिऱ्हाईक आहे, पैसा आहे. योआनिनात कोण न्हायला जाणार? १९१३ मध्ये गाव ग्रीसमध्ये गेलं, १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत मुसलमान समाजाची पांगापांग झाली. हमामाला घाव घालून कुणी पाडलं असं नव्हे, त्याची माणसंच गेली. भट्टी विझली, घुमटावरचं आच्छादन गेलं, पाणी मुरलं. नंतर घरोघर नळ आले. नवं काहीतरी करायचं म्हणून तिथे पर्यटकांचा हमाम काढला तर फरशीखाली विजेची गरम जाळी टाकतील आणि जेहेन्नेमलिक काँक्रीटने भरतील. मग उरलं काय?

मोडीवाला
मध्यममार्गही आहेत. अथेन्सच्या प्लाका भागातला आबिद एफेंदीचा हमाम १९६५ पर्यंत चालला, आता तो हमामाचंच संग्रहालय आहे. थेसालोनिकीचा बे हमाम १९६८ पर्यंत चालू होता, तेव्हा नाव होतं स्वर्ग स्नानगृह. जहन्नमवर स्वर्ग, इंजिनरूम म्हणाले तसं!

हिशेबनीस
तुर्कीत म्हण आहे ना, "एस्की हमाम, एस्की तास." जुनाच हमाम, जुनीच वाटी. एका तुर्की सहकाऱ्याकडून दर बैठकीनंतर ऐकतो.

टवाळ
आमच्या हापिसात ही म्हण फ्रेम करून लावतो.

इंजिनरूम
वादात माझे दोन पैसे. चालू हमाम मी आतून आणि मागून, दोन्हीकडून पाहिला. मागून जायला मालकाच्या हातापाया पडावं लागलं, फरशीखालचं तर तरीही दिसलं नाहीच. पडका असेल तर फरशी खचते आणि खालचे खांब दिसतात, गिलावा पडतो आणि नळ दिसतात, भिंत पडते आणि टाकीचं बूड दिसतं. चालू इंजिनाचं झाकण उघडत नाहीत, बंद पडलेल्याचंच उघडतात. सांजवातताईंना तो रोज बघावासा का वाटतो ते मला कळलं. अंघोळीला जायचं तर अंकारांबरोबर, पण हमाम कळून घ्यायचा तर तुमच्या त्या योआनिनाला.

अंकारा_एक्सप्रेस
वा. हे मान्य. तरी एकदा घासून घ्याच ताई.

बऱ्हाणपूरकर
जरा घरचं. आमच्या बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात तापीकाठी मुघलांचा हमाम आहे, छतावर नक्षीची रंगीत चित्रं अजून टिकलीत. लहानपणी शाळेच्या सहलीत नेलं होतं, सर म्हणाले "इथे राण्या अंघोळ करत" आणि पुढे चला. फरशीखाली काय, पाणी कुठून, कोण तापवायचं, एक अक्षर नाही. धागा वाचून पुन्हा जायचं ठरवलंय, या वेळी भिंती बघायला.

सुईदोरा
"इथे राण्या अंघोळ करत" हे वाक्य भारतातल्या प्रत्येक गाइडला सरकारी खर्चाने शिकवलेलं आहे.

सांजवात
मंडळी, दोन दिवस गप्प होते कारण पैजेचा निकाल लावायचा होता. चुनेगच्चीताईंचं वाचून काल संध्याकाळी दोघी गेलो. मी म्हटलं, काठी घालून काजळी लागते का बघू...

चुनेगच्ची
काठी?! स्मारकात काठी घालायची नाही!

सांजवात
...नाही घातली हो, लेकीनेच ओरडून थांबवलं. तिने मोबाइल लांबून मोठा करून फोटो काढले. ज्या नळावरून पैज होती तो उभा आहे, आतून काळाकुट्ट. पण जरा पलीकडे, खालच्या बाजूला, आणखी एका नळाचा तुकडा आहे तो आडवा. त्याच्या आत पांढरट थर. लेक म्हणते मी तोच नळ म्हणत होते.

इंजिनरूम
पुरावा बघून पक्ष बदलणं. पोरगी इंजिनियर होणार.

टवाळ
मग भांडी कुणी घासली?

सांजवात
निम्मी निम्मी. गरम पाण्याचा बॉयलर नेमका काल बंद पडलाय, गारढोण पाण्यात.